निळ्या उजेडात पाहिलेला बिल्ला

माझी बायको माझ्या संग्रहाला ठिगळं म्हणते. "तुमची ती ठिगळं आवरा, पाहुणे यायचेत." मी दर वेळी चिडतो. ही ठिगळं नाहीत, हवाई दलाच्या तुकड्यांचे बिल्ले आहेत, वैमानिकांच्या नाहीतर तंत्रज्ञांच्या बाहीवरून उतरलेले, असं तिला पुन्हा एकदा समजावतो. ती शांतपणे म्हणते, "म्हणजे जुन्या कपड्यांवरची ठिगळंच ना?" मग मी बिल्ले खोक्यात भरतो.

मी नाशिकचा. लहानपणी गच्चीवर उभं राहून विमानं बघायचो, मोठेपणी त्यात बसायचं ठरवलं होतं, आणि नववीत डोळ्यांना चष्मा लागला. संपलं. मग रेल्वेत इंजिनियर झालो. गेली एकोणीस वर्षं लखनौला मानक नगरच्या स्टाफ कॉलनीत राहतो आणि रेल्वेच्या सुट्या भागांच्या चाचण्या करून रिपोर्ट लिहितो. आकाश हुकलं म्हणून मी त्याचे बिल्ले गोळा करायला लागलो, असं बायको म्हणते. असेल.

या छंदात नव्या कोऱ्या बिल्ल्याला काडीची किंमत नसते. तो कुणीतरी अंगावर वागवलेला हवा, घामानं मळलेला, कडेला उसवलेला. आणि म्हणूनच त्यात लबाडीही फार. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला माल मी डझनांनी पाहिलाय. त्यावर आम्हा संग्राहकांचा एक हुकमी उपाय असतो, यूव्ही टॉर्च. अंधारात तिचा निळा उजेड बिल्ल्यावर टाकायचा. जुना दोरा गप्प राहतो. हल्लीचा कृत्रिम दोरा असला की तो पांढराफटक चमकतो, चोर लगेच सापडतो. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर देशभरातले लोक मला फोटो टाकून विचारायचे, "सर, असली है?" आणि मी एका शब्दात निकाल द्यायचो. 'नकली' हा शब्द टाइप करायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? मी खोटं बोलत नाही, हे तर मी चारचौघांत मिरवायचो.

काका मला भेटले इंदिरा नगरच्या भाजीबाजारात. खरं तर आधी त्यांची बाही भेटली. जानेवारीतलं धुकं, गोभीच्या ठेल्यापाशी एक म्हातारा माणूस जुन्या निळ्या जॅकेटात उभा, आणि उजव्या बाहीवर गोल बिल्ला. गडद निळ्या जमिनीवर पंख मिटून खाली सूर मारणारा पांढरा पक्षी. त्या तुकडीचा बिल्ला मी फक्त फोटोत पाहिला होता. ती तुकडी कधीच मोडली. मी भाजी सोडून त्यांच्या मागे निघालो. ते ठेलेवाल्याला म्हणत होते, "भैया, थोडा तो कम करो ना बाप्पा." बाप्पा! मी म्हटलं, हा माणूस विदर्भातला नसेल तर मी नाव बदलेन.

निघाले अमरावतीकडचेच. हवाई दलात विमानं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ होते, निवृत्तीनंतर इथल्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि इथेच घर बांधलं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. आता मुलगी आणि चौदा वर्षांची नात त्यांच्याजवळ राहतात. मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागलो. बैठकीत बुद्धाची तसबीर, शेजारी काकूंचा फोटो, खाली आमच्या दोघांचा चहा. नात मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची.

बिल्ल्याची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या रविवारी सांगितली. तुकडी लखनौजवळच्या हवाई तळावर असताना एका सकाळी त्यांनी उड्डाणाआधीच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. इंजिनाचा आवाज त्यांना बरोबर वाटत नव्हता. वैमानिक साहेब तापले, ओरडले. "मी म्हटलं, साहेब, उघडून पायल्याशिवाय सही नाई करत. मले घरी पाठवा." शेवटी उघडलं, तर इंधनाच्या नळीला केसाएवढी चीर. महिन्याभरानं तेच साहेब हँगरमध्ये आले. बिल्ले फक्त वैमानिकांना असायचे, खाली काम करणाऱ्यांना नाही. साहेबांनी खिशातून बिल्ला काढला आणि सगळ्यांसमोर पहिला काकांच्या हातात ठेवला. म्हणाले, ये तुम्हारा भी है. "मोठ्या घरचा माणूस होता तो. माह्यासारख्याच्या हातात दिला, टेबलावर नाई ठेवला," काका म्हणाले. काकूंनी त्याच दिवशी तो जॅकेटवर शिवला.

मला तो बिल्ला हवा होता. हे आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. दोन वर्षं मी आडून आडून सुचवलं. नीट फ्रेम करून ठेवीन, खाली तुमची गोष्ट लिहीन, काचेत राहील. ते हसायचे. "नाई बाप्पा, मी गेल्यावर तो पोरीचा." म्हणजे नातीचा. मी वरवर "अच्छा, अच्छा" म्हणायचो आणि स्कूटरवर घरी येताना धुसफुसायचो.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या संमेलनात छंदांचं छोटं प्रदर्शन होतं. काका मंडळात फारसे यायचे नाहीत. मीच गळ घातली, जॅकेट घालून या, लोकांना गोष्ट सांगा. ते आले, दाढी करून, नातीला घेऊन. माझ्या टेबलावर मी काळ्या कापडाचा एक खोका केला होता, आत टॉर्च सोडून असली-नकलीचा फरक दाखवायला. गर्दी माझ्याच टेबलावर. मी रंगात आलो होतो. एक नकली चमकवून दाखवला, लोक "वा!" म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काकांचा पण बघा ना."

काकांनी आनंदानं जॅकेट काढलं. त्या थंडीत नुसत्या स्वेटरवर उभे राहिले. मी बाही खोक्यात घातली, टॉर्च लावली, आणि तो पांढरा पक्षी लख्ख पेटला.

मागे कुणीतरी हसलं. मी टॉर्च बंद करून पक्ष्याचे टाके जवळून पाहिले. मशीनचं काम नव्हतं, हातकाम होतं. दोन पुरावे झाले. वैमानिकांचे बिल्ले मशीनवर झालेले असत हे मला पाठ होतं. सवयीप्रमाणे मी जवळून फोटोही काढले. काका म्हणाले, "माही बायको दरवर्षी थंडी सरली की धुऊन ठेवायची ना, म्हणून तो असा…" मी त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. "धुण्याचा काय संबंध, काका? दोराच अलीकडचा आहे. आणि हे हातकाम बघा. चौकातल्या भरतकामवाल्यांकडे आजकाल काय वाट्टेल ते बनवून मिळतं. साहेबांनी तुम्हाला बाजारातली नक्कल दिली असणार, नाहीतर मूळचा कधीतरी बदलला गेला असणार. हा नकली आहे."

नकली. माइक नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं असेल. माझा आवाजच तसा आहे.

त्या टॉर्चमागे दोन वर्षांच्या नकाराचा राग होता का? होता. थोडा नाही, चांगलाच होता. देत नाही ना, मग घ्या. असं मी मनात म्हटलं नाही, पण हात तसाच चालला.

काकांनी जॅकेट घेतलं, बाही सरळ केली. "बरं झालं बाप्पा, तू सांगतलं. मले कोण सांगणार होतं?" नात म्हणाली, "नानू, चलो ना." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना काकांनी जॅकेट अंगात घातलं नाही, हातावर घेतलं.

घरी येताना बायको म्हणाली, "तिथं सगळ्यांदेखत सांगायची काही गरज होती?"

"मग काय खोटं बोलू?"

"गप्प बसता येतं माणसाला," ती म्हणाली आणि मेट्रोच्या खिडकीबाहेर बघत बसली.

नंतर काका मला बाजारात दोनदा दिसले, शालीत. रविवारी गेलो तर मुलगी दारातूनच म्हणायची, ते झोपलेत. एकदा नात भेटली, तिला विचारलं. "नानू अब वो जैकेट नहीं पहनते, अंकल," एवढंच म्हणून ती निघून गेली. मी स्वतःची समजूत काढली, थंडी संपलीच आहे आता.

जूनमधली गोष्ट. आमच्या स्टोअररूमला खिडकी नाही, तिथे मी माझे खोके ठेवतो. बिल्ले मी वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळतो, मऊ सुती कापड, रंग सोडत नाही. त्या दुपारी एक नवा आलेला बिल्ला तपासायला टॉर्च लावली. बिल्ला गप्प होता. त्याच्या खालचं धोतर पेटलं.

मी टॉर्च बंद केली, पुन्हा लावली. पांढराशुभ्र, काकांच्या पक्ष्यासारखा पेटला होता तो तुकडा. माझ्या वडिलांचं धोतर, तेही नाशिकहून आईनं स्वतः आणून दिलेलं. ते नकली? मी बायकोला हाक मारली. "हे असं का चमकतंय गं?"

तिनं दारातूनच पाहिलं. "धुण्याच्या पावडरनं. पांढरं दिसावं म्हणून घालतातच की त्यात काहीतरी. जाहिराती बघत नाही का तुम्ही?" मग माझ्या तोंडाकडे पाहून ती आत आली आणि खाली बसली. "अहो," ती म्हणाली, "त्या काकू धुवायच्या म्हणाले होते ना ते?"

हो. म्हणाले होते. मी बोलू दिलं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं एक बाई ते जॅकेट दर फाल्गुनात धुऊन, वाळवून, ठेवून देत होती आणि तिच्या त्या धुण्याला मी लबाडी ठरवलं. ऑफिसात एका चाचणीवर रिपोर्ट लिहिणाऱ्या ज्युनियरला मी फाडून खातो. दुसरी पद्धत लावली का, नमुना कुठून आला विचारलंस का? आणि मी काय केलं होतं? आणि काका! न उघडता सही न करणारा तो माणूस, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीवर मी न उघडता सही ठोकली होती.

तरी हातकामाचं राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून फोटो घेऊन चौकात, म्हणजे लखनौच्या जुन्या बाजारात, गेलो. जरीचं भरतकाम करणाऱ्या तीन जरदोजीवाल्यांनी नकारार्थी माना हलवल्या. चौथ्या गल्लीत लाकडी चौकटीवर ताणलेल्या लाल कापडाशी वाकलेल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं चष्मा पुसून मोबाइल डोळ्यांपाशी नेला. "ये तो अब्बा के हाथ का है।" मग आतून पत्र्याची पेटी आणली. तीत जुने खाके होते, म्हणजे टाचणीनं भोकं पाडून नक्षी उतरवायचे कागद. त्यातून त्यानं एक पिवळा कागद उलगडला. सूर मारणारा पक्षी, तेवढाच, तसाच. "एक फ़ौजी साहब आए थे। बारह बनवाए थे। कहते थे, पायलटों वाले जैसा ही दिखे, फ़र्क़ न लगे। नीचे काम करने वाले लड़कों के लिए थे।"

मी तिथेच पायरीवर बसलो. वैमानिकांचे असे शेकड्यांनी शिवले गेले असतील. हे बारा काकांच्या त्या साहेबानं स्वतः चौकात येऊन, कारागिरासमोर बसून करवून घेतले होते. माझ्या सबंध संग्रहात त्याच्या तोडीचं काही नव्हतं. कारागिरानं खाका मला देऊन टाकला. म्हणाला, आता कोण बनवून घेणार.

त्या रविवारी मी मलिहाबादला जाऊन दशहरी आंब्यांची एक पेटी घेतली, तिच्यावर तो कागद ठेवला आणि काकांच्या घरी गेलो. या वेळी त्यांनीच दार उघडलं. मी बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. पावडर, धोतर, कारागीर, बारा बिल्ले. माफ करा म्हणालो, तेही दोनदा. खाका त्यांच्या समोर पसरला.

त्यांनी कागद पाहिला. मग हसले, अगदी प्रेमानं.

"चांगला माणूस आहे तू," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं मन राखाले आला."

"काका, मन राखायला नाही! हे खरं आहे. हा कागद बघा ना!"

"कागदाचं काय बाप्पा. तूच तर म्हणला होता, चौकात काय वाट्टेल ते बनवून भेटते." त्यांनी आंब्याच्या पेटीकडे बोट केलं. "नकली म्हणला तवा काही लागलं नाई. खरं सांगाले काहून पेटी लागली रे?"

माझंच वाक्य होतं ते, माझ्याच तोऱ्यातलं.

"वाईट नको मानू," ते पुढे म्हणाले. "मले सवय आहे. शाळेपासून लोक म्हणत आले, तू कोट्यातला, तू खरा नाई. फौजेत तर कोटाही नसते, तिथंही म्हणत. एवढा एक तुकडा होता, त्याले कोणी तसं म्हटलं नव्हतं." हे ते रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. माझ्यासारख्याच्या तोंडून आलेला 'नकली' त्यांच्या कानाला काय लागला असेल, हे मला कळायला हवं होतं. इतके रविवार त्यांच्या बैठकीत चहा पिऊनही मला ते कळलं नव्हतं.

मग ते आत गेले आणि बिल्ला घेऊन आले. ब्लेडनं उसवलेला होता. कडेला काकूंच्या दोऱ्याचे तुकडे तसेच लोंबत होते. "तू म्हणते खरा आहे, तर मंग तुह्याचजवळ राहू दे. पोरीनं नाई घेतला. म्हणते, नानू, लोग हँसेंगे."

आणि आता हे सांगायची मला लाज वाटते. मी "नको" म्हणायला हवं होतं. तिथेच नातीला हाक मारून तिच्या हातात द्यायला हवा होता. पण बिल्ला माझ्यासमोर आला आणि माझा हात पुढे झाला. एक क्षण, फक्त एक क्षण, मला आनंद झाला. मिळाला! घेतला मी तो. आंबे तिथे ठेवले आणि बिल्ला शर्टाच्या खिशात घालून घरी आलो.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. तिनं बिल्ल्याला ठिगळ म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "नकली भरल्या हॉलमध्ये म्हणालात, आणि खरं सांगायला एकटेच गेलात होय?"

तिचं बरोबर होतं. काकांनी कागदावर विश्वास ठेवला नाही कारण तो मी बंद दाराआड दाखवला होता. हॉलमध्ये जे गेलं होतं, ते हॉलमध्येच परत मिळालं असतं. मी ठरवलं, येत्या संक्रांतीला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मी चुकलो, हा बिल्ला खरा आहे, माझ्याजवळच्या सगळ्यांहून खरा, आणि तो तिथेच नातीला द्यायचा. सात महिने मी ती वाक्यं घोकली. बिल्ला फळीवर लावला नाही, कपाटाच्या खणात ठेवला. अधूनमधून मात्र काढून बघत होतो, हेही खरं.

या जानेवारीत संमेलनाला काका आले. नातीचा नाच होता म्हणून. थंडी कडाक्याची, त्यामुळे अंगात तेच निळं जॅकेट होतं. उजव्या बाहीवर बिल्ल्याच्या जागी गोल खूण होती. बाकीचं कापड उन्हानं विटलेलं आणि तेवढाच गोल गडद निळा, नव्यासारखा. इतक्या वर्षांचा पुरावा तो, माझ्या टॉर्चहून शंभरपट पक्का. त्या दिवशी बिल्ल्याची एक कड उचलून पाहिली असती तरी दिसला असता.

बिल्ला आणि खाका माझ्या कोटाच्या खिशात होते. नाच संपला, टाळ्या झाल्या, लोक तिळगूळ वाटत फिरू लागले. नुकतेच बदली होऊन आलेले एक अधिकारी काकांच्या बाहीकडे पाहून म्हणाले, "काका, इथं काय होतं हो?"

काकांनी बाहीवरून हात फिरवला. "काही नाई बाप्पा. डाग आहे."

मी दोन हात अंतरावर उभा होतो. खिशात माझ्या बोटांना काकूंचे दोरे लागत होते. पलीकडून बायको माझ्याकडे पाहत होती. हीच वेळ होती. तेवढ्यात कार्यकारिणीतले एकजण माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "काय एक्सपर्ट, यंदा टॉर्च नाही आणली? गेल्या वेळी मजा आली होती!" आजूबाजूचे हसले. सगळे माझ्याकडे वळले, काकाही, नातही.

"सेल संपलेत," मी म्हणालो.

लोक पुन्हा हसले आणि पांगले. बायको तोंड फिरवून चपला शोधायला गेली. काका हळूहळू माझ्यापाशी आले, डब्यातून एक वडी उचलली आणि त्या दिवशी त्या हॉलमध्ये सगळे एकमेकांना म्हणत होते तेच म्हणाले, "तिळगूळ घे बाप्पा, गोड बोल."

मी खिशातून हात बाहेर काढला, रिकामा, आणि वडी घेतली.